गळका पाईप आणि अठरा दिवस

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

हातातलं काम हातातच राहू द्या, भाकरी थापत असाल तर थापा, कान तेवढे इकडे द्या. दर वेळी मी तुमच्याशी बचत, कर्ज, हप्ता, व्याज असं बोलते. आज गाडीबद्दल बोलणार आहे. गाडीच्या एका रबरी पाईपबद्दल. तुम्ही म्हणाल, ताईंना आज काय झालं? पण ऐका. हातभर लांबीच्या त्या पाईपनं आमच्या गटाला जे शिकवलं, ते मला कुठल्या प्रशिक्षणात मिळालं नव्हतं. आणि त्यात चूक माझी होती. ती तुमच्यासमोर सांगावी, म्हणून आजचा विषय घेतलाय.

आमच्या गटानं कर्ज काढून एक जुनी पिकअप घेतली. आमचा भाग जुन्नर तालुक्यातला. टोमॅटो, फ्लॉवर, कोथिंबीर, मेथी. पूर्वी माल दुसऱ्याच्या गाडीत जायचा. भाडं तो सांगेल ते आणि वेळ त्याच्या सोयीची. आता आमची गाडी रात्री ओतूरवरून माळशेज घाट उतरते, मुरबाडमार्गे कल्याणच्या बाजारात पहाटे पोचते. चालवतात आमच्याच गटातल्या एक वहिनी. सगळं गाव त्यांना वहिनीच म्हणतं, मीही तसंच म्हणते. त्यांनी परवाना काढला, सहा महिने शेजारच्या दिरांच्या हाताखाली गाडी चालवली आणि मगच घाटात उतरल्या.

त्या रात्री हिशेबाची पाळी माझी होती. पट्टी घ्यायला मी गाडीत बसले होते. पावसाळ्याचे दिवस. मागं टोमॅटोचे क्रेट आणि वर कोथिंबिरीच्या जुड्या. ओतूर सोडलं आणि थोड्या वेळानं वहिनी म्हणाल्या, "ताई, स्टेअरिंग कण्हतंय."

मला वाटलं, थट्टा करतायत. पण खरंच, वळण आलं की पुढून म्हातारं माणूस उठताना कण्हतं तसा आवाज यायचा. मग वहिनींना स्टेअरिंग फिरवायला जोर लागायला लागला. पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी रस्त्याकडेला लागतं, त्या भागात एका चहाच्या टपरीजवळ सपाट जागा बघून त्यांनी गाडी घेतली. तिथं त्यांनी जे शहाणपण दाखवलं, ते आधी सांगते. घाट पुढं होता. "उतरून तर बघू, जाईल" असं त्या म्हणाल्या नाहीत. घाटाच्या अलीकडं थांबल्या.

बॅटरीच्या उजेडात खाली बघितलं, तर लालसर तेल थेंब थेंब गळत होतं.

आता थोडं समजून घेऊ. पॉवर स्टेअरिंग म्हणजे काय? जुन्या गाडीचं स्टेअरिंग फिरवायला दंडात ताकद लागायची. पॉवर स्टेअरिंगमध्ये इंजिनच्या पट्ट्यावर चालणारा एक छोटा पंप असतो. तो तेल दाबानं पुढं ढकलतो आणि ते तेल चाकं वळवायला आपल्याला मदत करतं. काम झालं की तेल परत डबीत येतं. म्हणजे पाईप दोन. जाताना दाबाचा, येताना परतीचा. बऱ्याच गाड्यांत हे तेल लाल असतं. ज्या गाड्यांचा गिअर आपोआप बदलतो, त्यांच्या गिअरबॉक्सचं तेलही याच जातीचं. मोठ्या आपोआप गिअरच्या ट्रकमध्ये ते तेल थंड व्हायला पाईपातून पुढच्या जाळीपर्यंत जाऊन परत येतं आणि तिथला पाईपही असाच गळू शकतो. तिथं तेल संपलं तर अख्खा गिअरबॉक्स जळतो. म्हणून लाल तेल दिसलं की गाडी थांबवायची, मग ते कुठलंही असो.

तेल संपलं म्हणून स्टेअरिंग तुटत नाही. चाकं वळतात, पण जड वळतात. घाटातल्या वळणावर, भरल्या गाडीत, अचानक जड होणं म्हणजे काय, ते गाडी चालवणारीलाच कळतं. शिवाय तेल गरम सायलेन्सरवर पडलं तर धूर येतो, आगही लागू शकते.

टपरीवर एक ट्रकवाले काका चहा पीत होते. पिकलेल्या मिशा, खांद्यावर गमछा. ते उठून आले. मनात आलं, आता हे म्हणणार, बाजूला व्हा, मी बघतो. पण त्यांनी बॅटरी हातात घेतली आणि वहिनींना म्हणाले, "बाई, गाडी तुझी आहे. हात तू घाल. मी उजेड धरतो."

मग जे झालं ते मी टप्प्याटप्प्यानं सांगते. लक्ष देऊन ऐका.

आधी इंजिन बंद. हँडब्रेक ओढला, गाडी गिअरमध्ये ठेवली, चाकांना पुढून-मागून दगड लावले. गाडीच्या बरंच मागं लाल चमकता त्रिकोण उभा केला. मग अर्धा तास काहीही करायचं नाही, असं काकांनी सांगितलं. तापलेल्या इंजिनात हात घालायचा नाही. तेवढ्यात आम्ही चहा घेतला. मला सारखी कोथिंबिरीची काळजी. काका म्हणाले, "कोथिंबीर परत उगवते, बोटं उगवत नाहीत."

इंजिन निवल्यावर वहिनींनी फडक्यानं सगळे पाईप कोरडे पुसून काढले. का? तेल पाईपावरून ओघळत जातं. गळतं एकीकडे आणि थेंब पडतो दुसरीकडे. पुसल्याशिवाय खरी जागा सापडत नाही. मग मी आत बसून गाडी चालू केली. त्याआधी गिअर काढला, हँडब्रेक तसाच ठेवला, दगड तसेच. वहिनी लांबून बघत होत्या. इथं बायांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. बोनेट उघडं आणि इंजिन चालू असेल तेव्हा पदर खोचलेला, ओढणी काढून ठेवलेली, वेणी अंबाड्यात, बांगड्या वर सरकवलेल्या किंवा काढलेल्या. पंखा आणि पट्टा कुणाचा पदर आहे ते बघत नाही. आणि धातूची बांगडी बॅटरीच्या टोकांना लागली तर ठिणगी उडते.

एक मिनिटात जागा सापडली. परतीचा पाईप डबीला जिथं जोडला होता, तिथं क्लिपच्या अगदी जवळ रबराला चीर पडली होती. इंजिन बंद केलं.

काकांनी आधी एक प्रश्न विचारला, "हा पाईप दाबाचा की परतीचा, कसं ओळखायचं?" वहिनींना माहीत नव्हतं, मला तर नव्हतंच. त्यांनी दाखवलं. दाबाच्या पाईपाच्या टोकाला धातूची टोपी यंत्रानं दाबून बसवलेली असते आणि ती आट्यांनी किंवा बोल्टनं आवळलेली असते. परतीच्या पाईपाला बहुतेक वेळा साधी क्लिप असते. "क्लिपचा असेल तर हात लाव. टोपीचा असेल तर हात जोड," असं ते म्हणाले. आमचा क्लिपचा होता.

पुढचं काम दहा मिनिटांचं. खाली ताट धरलं. क्लिप सैल करून सरकवली. पाईप हलवत हलवत ओढून काढला. चीर पडलेलं टोक, साधारण दोन बोटं, धारदार पात्यानं सरळ कापलं. तिरकं कापायचं नाही, तिरकं टोक नीट बसत नाही. डबीची नळी आणि पाईपाची आतली बाजू पुसली. नळीच्या तोंडाशी एक उंचवटा असतो, त्याच्या पलीकडे जाईपर्यंत पाईप आत दाबला आणि क्लिप त्या उंचवट्याच्या मागं आणून आवळली. क्लिप जुनी, ढिली होती. काकांनी त्यांच्या डब्यातून पेचाची नवी क्लिप दिली. आवळायचीही हद्द असते. फार आवळली तर तीच क्लिप रबर कापते.

मग तेल. काकांच्या गाडीत लाल तेलाचा डबा होता. पण आमच्या डबीच्या झाकणावर काय लिहिलंय ते त्यांनी आधी वाचून घेतलं, डब्यावरचं वाचलं, जुळलं, तेव्हा ओतलं. दिसतं तेल म्हणून इंजिनचं नाहीतर ब्रेकचं तेल तिथं ओतायचं नाही. ब्रेकचं तेल गेलं तर आतली रबरं फुगून खराब होतात आणि अख्खं काम वाढतं. खुणेपर्यंत भरलं, गाडी चालू केली, स्टेअरिंग सावकाश डावीकडे, सावकाश उजवीकडे, असं बऱ्याचदा फिरवलं. शेवटाला नेऊन दाबून धरायचं नाही, कारण तेव्हा दाब सगळ्यात जास्त असतो. डबीत फेस दिसत होता, म्हणजे हवा शिरलेली. फेस गेला, तेल खाली बसलं, परत खुणेपर्यंत भरलं. कण्हणं थांबलं.

निघताना वहिनी पैसे द्यायला लागल्या. काकांनी फक्त तेलाचे घेतले. आणि म्हणाले, "दोन किलोमीटरवर थांबून बघ. घाटाच्या तोंडाशी परत बघ. आणि बाई, रबर म्हातारं झालंय, पाईप आखूडही झालाय. उद्या नवा टाक. ही गाठ आहे, सोयरीक नाही."

दोन्ही ठिकाणी थांबून बघितलं. कोरडं होतं. चारच्या सुमाराला कल्याणला पोचलो. उशीर झाला, पण माल विकला गेला, पट्टी हातात आली.

मैत्रिणींनो, गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं.

गावात आल्यावर वहिनींचं कौतुक झालं. बैठकीत टाळ्या वाजल्या. "आमच्या वहिनींनी रात्री घाटाच्या तोंडाशी गाडी दुरुस्त केली" हे मीच दहा जणींना सांगितलं. आणि वहिनींनी त्याच संध्याकाळी काय केलं? गाडीची वही असते आमची, डिझेल आणि फेऱ्या लिहायची. तिच्यात लिहिलं, "परतीचा पाईप बदलणे." गॅरेजमध्ये फोन करून विचारलंसुद्धा. पाईप आणि मजुरी धरून नऊशे रुपये सांगितले. वही घेऊन त्या माझ्याकडे आल्या.

त्या महिन्यात बँकेचा हप्ता होता. दोघींची अंतर्गत कर्जाची परतफेड थकलेली. शिल्लक काठावर. मी म्हणाले, "वहिनी, गळतंय का आता?" त्या म्हणाल्या, "नाही." मी म्हणाले, "मग चालतंय ना? पुढच्या महिन्यात बघू." आणि त्यांच्या ओळीखाली "पुढील महिन्यात" असं लिहून सही केली.

चालतंय ना! किती सहज म्हणतो आपण. छपराची गळती कागद टाकून थांबते, मग चार पावसाळे तोच कागद. पाठ दुखते, गोळीनं थांबते, मग वर्षभर तीच गोळी. थांबलं म्हणजे बरं झालं असं आपण धरून चालतो. मीही तेच केलं. आणि मी गटाची समन्वयक, बीए झालेली, दुसऱ्यांना नियोजन शिकवणारी.

अठरा दिवस गेले. नऊ फेऱ्या झाल्या. दहाव्या फेरीला मी गाडीत नव्हते. सकाळची वेळ, मी घरी चहा घेत होते. गाडी माल विकून रिकामे क्रेट घेऊन परत येत होती. वहिनी आणि गटातल्या एक वयस्कर काकी. माळशेज चढताना पाऊस, धुकं, पुढचं दहा हातांवरचं दिसेना. आणि एका वळणावर स्टेअरिंग एकदम जड झालं. या वेळी आधी कण्हणं नाही, काही नाही. आखूड पाईप इंजिनच्या हादऱ्यानं ताणला जात होता, म्हातारं रबर त्याच क्लिपपाशी परत फाटलं आणि या वेळी पार सुटलं.

काकींनी मला नंतर सांगितलं, "वहिनी सीटवरून उठून उभी राहिली गं. दोन्ही हातांनी, सगळं अंग घालून स्टेअरिंग ओढलं तिनं." वळण कसंबसं निघालं. गाडी हळू होती, चढाची होती, रिकामी होती, म्हणून निभावलं. चारही दिवे लुकलुकते लावून त्यांनी कडेच्या रुंद जागेत गाडी घेतली. बोनेटच्या फटीतून धूर यायला लागला. तेल सायलेन्सरवर सांडलं होतं. वहिनींनी इंजिन बंद केलं, काकींना खाली उतरवून लांब नेलं आणि बोनेट उघडलं नाही. हेही लक्षात ठेवा. धूर दिसल्याबरोबर बोनेट सताड उघडलं तर आत हवा मिळते आणि धुराची आग होऊ शकते. धूर विरेपर्यंत त्या दोघी पावसात उभ्या राहिल्या.

मेकॅनिक मोटारसायकलवर नवा पाईप घेऊन आला. नऊशेचं काम अठराशेला पडलं. गाडी गावात यायला संध्याकाळ झाली, रात्रीची फेरी चुकली. अंगणात भरून ठेवलेला टोमॅटो दुसऱ्या दिवशी गेला आणि भाव कमी मिळाला. हे पैशांचं नुकसान. पण खरं नुकसान पुढं होत होतं.

गावात बोलणं सुरू झालं. "बाईच्या हातात गाडी दिली की हेच होणार." "घाट म्हणजे काय चूल आहे का?" गटाच्या बैठकीला दोन सदस्यांचे मालक येऊन बसले. म्हणाले, पगारी ड्रायव्हर ठेवा, बाईला खाली उतरवा. वहिनी मान खाली घालून बसल्या होत्या. आणि मी? खोटं बोलणार नाही. मी पहिली काही मिनिटं गप्प बसले. मला वाटलं, विषय आपोआप निवेल.

मग वहिनींनी काही न बोलता पिशवीतून गाडीची वही काढली आणि सतरंजीवर माझ्यासमोर ठेवली. उघडली नाही. फक्त ठेवली.

मी उघडली आणि मोठ्यानं वाचलं. "परतीचा पाईप बदलणे." खाली, "पुढील महिन्यात." खाली माझी सही. मी म्हणाले, "गाडी बाईच्या हातात होती म्हणून ही माणसं आज जिवंत आहेत. पाईप फाटला तो माझ्या सहीमुळं. वहिनींना उतरवायचं असेल तर आधी मला उतरवा." थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग काकी म्हणाल्या, "मी त्या गाडीत होते. मी परत तिच्याच गाडीत बसणार." विषय तिथं मिटला. वहिनी आजही गाडी चालवतात.

पण नुसता विषय मिटवून भागणार नव्हतं. आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. त्या तुमच्या गटालाही उपयोगी पडतील.

पहिली गोष्ट, गाडीच्या वहीत एक नवा रकाना आखला. त्याचं नाव "तात्पुरतं." कुठलीही तात्पुरती दुरुस्ती केली की त्याच दिवशी तिथं चार गोष्टी लिहायच्या. काय केलं, कुणी केलं, किती दिवसांसाठी केलं आणि पक्कं काम कोणत्या तारखेला. ती तारीख चालवणारी ठरवणार, हिशेब ठेवणारी नाही. त्या तारखेला काम झालं नाही तर गाडी अंगणात उभी राहील. आणि दर फेरीमागं पन्नास रुपये दुरुस्तीच्या डब्यात वेगळे टाकायचे. म्हणजे "शिल्लक नाही" हे कारणच उरत नाही.

दुसरी गोष्ट, कशाला हात लावायचा आणि कशाला नाही, याची यादी करून गाडीत चिकटवली. ती सांगते.

खाली काय गळतंय ते आधी ओळखा. पाण्यासारखं पातळ, हिरवं किंवा गुलाबी, गोडसर वासाचं असेल तर ते रेडिएटरचं पाणी. गरम असताना त्याचं झाकण उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं. काळं किंवा तपकिरी असेल तर इंजिनचं ऑइल. लाल आणि पातळ, तर बहुधा स्टेअरिंगचं. वास डिझेलचा असेल तर आसपास काडी-विडी काही नको आणि गाडी चालू करायची नाही. फिकट, पिवळसर, पातळ, बोटाला निसरडं आणि चाकाच्या आतल्या बाजूला किंवा पायाच्या पॅडलपाशी असेल तर ते ब्रेकचं तेल. काही गाड्यांत क्लचलाही तेच असतं.

ब्रेकच्या पाईपाला तात्पुरती दुरुस्ती नाही. मी परत सांगते, नाही. चिंधी नाही, टेप नाही, क्लिप नाही, "गावापर्यंतच जायचंय" नाही. पॅडल मऊ लागलं, खाली जायला लागलं, की गाडी जिथं आहे तिथं. माल दुसऱ्या गाडीत टाका, नाहीतर सडू द्या.

दाबाच्या पाईपालाही तात्पुरती दुरुस्ती नाही. चाकात हवा भरताना आपण चाळीस, पन्नास म्हणतो ना, त्याच मापात पॉवर स्टेअरिंगच्या दाबाच्या बाजूला आकडा हजाराच्या वर जाऊ शकतो. तिथं तुमची क्लिप काय टिकणार?

हे ट्रॅक्टरवाल्या घरांतल्या बायांनी जास्त लक्षात ठेवायचं. ट्रॅक्टरच्या लिफ्टचा दाब याहूनही मोठा. बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये गिअरबॉक्समधलंच तेल लिफ्टला लागतं. तिथल्या पाईपाला सुईएवढं भोक पडलं तर तेलाची धार डोळ्याला दिसतही नाही. कुठून गळतंय म्हणून बोट फिरवलं की ती धार कातडी फोडून आत जाते. वरून काटा टोचल्यासारखं दिसतं, दुखतही नाही फारसं. पण आत तेल पसरतं आणि काही तासांत बोट, हात काळा पडू शकतो. गळती शोधायला हात नाही, पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरायचा. आणि असं झालंच तर हळद लावून घरी बसायचं नाही. लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेला दवाखाना गाठायचा आणि "दाबाचं तेल आत गेलंय" हे शब्द डॉक्टरांना सांगायचे. रुग्णवाहिकेसाठी १०८ तुम्हाला माहीत आहेच.

मग उरतो परतीचा, कमी दाबाचा, क्लिपचा पाईप. त्याला तात्पुरतं करता येतं. टोक फाटलं आणि पाईपाला लांबी असेल तर कापून परत बसवा. मध्ये फाटला असेल तर तेवढा भाग कापून धातूची जोडनळी घाला, दोन्हीकडे क्लिप आवळा. पण तुकडा जोडायचा तर तेलासाठीच बनवलेला पाईप हवा. शेतातल्या पाण्याच्या नळीचा तुकडा इंजिनच्या उष्णतेनं मऊ पडतो. सायकलची ट्यूब तेलानं फुगते. तेलकट जागेवर लांबी किंवा टेप चिकटत नाही, चिकटली असं वाटतं तेवढंच. आणि जोड लावल्यावर सावकाश जायचं, पहिल्या दोन किलोमीटरवर, मग दहावर थांबून बघायचं.

आमच्या गाडीत आता एक डबा असतो. दोन मापांच्या चार क्लिपा, हातभर तेलाचा पाईप, एक जोडनळी, पाती, स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, झाकणावर लिहिलेल्या जातीचं एक लिटर तेल, जुनी फडकी, हातमोजे, पुठ्ठा, बॅटरी. बाहेर त्रिकोण आणि आग विझवायची छोटी टाकी. सगळं मिळून एका फेरीच्या भाड्यापेक्षा कमी खर्चात झालं. डब्याची जबाबदारी पाळीनं. गेल्या महिन्यात माझी पाळी होती, आणि क्लिप कशी आवळायची ते वहिनींनी मला दोनदा करायला लावलं. पहिल्यांदा मी क्लिप उंचवट्याच्या पुढं बसवली होती.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एक काम करा. तुमच्या गटाकडे गाडी नसेल, गिरणी असेल, शिलाई यंत्रं असतील, पापडाचं यंत्र असेल, नाहीतर नुसतं कपाट असेल. सगळ्यांनी मिळून विचारा, आपल्याकडे काय काय "तात्पुरतं" चाललंय? गिरणीची वायर टेपनं बांधलीय का? यंत्राचा पट्टा शिवून लावलाय का? त्यातलं प्रत्येक वहीत लिहा आणि पुढं तारीख टाका. आणि तुमच्या गटातली जी बाई ते यंत्र रोज चालवते, तिनं "हे बदलायला हवं" म्हटलं, तर "चालतंय ना" म्हणण्याआधी माझी सही आठवा.

वहिनी त्या टपरीवर आजही थांबतात. काका परत भेटले नाहीत. भेटले तर सांगणार आहेत, पाईप बदलला म्हणून. किती दिवसांनी ते मात्र सांगणार नाहीत, असं म्हणतात. मी म्हटलं, सांगा. माझं नाव घेऊन सांगा.

नमस्कार. पुढच्या वेळी परत भेटू, गटाच्या हिशेबावर बोलू.